रुग्णांचे वेळापत्रक आणि उंदरांचे आकडे: सामायिक इमेजिंग केंद्रातील एक प्रकरण

एका नव्या औषधाचा ट्यूमरवर परिणाम होतो आहे, असे पेट स्कॅनमध्ये, म्हणजे शरीरात सोडलेला किरणोत्सारी पदार्थ कुठे किती साचतो हे दाखवणाऱ्या तपासणीत, दिसले. काही आठवड्यांनी त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर, त्याच जातीच्या उंदरांवर तोच प्रयोग पुन्हा झाला आणि परिणाम दिसेना. यंत्रात बिघाड नव्हता, औषधाची बॅच तीच होती, आकडेमोडही दोनदा तपासून झाली होती. दोन दिवसांत ठळक फरक एकच होता: दुसऱ्या खेपेच्या दिवशी शेजारच्या विभागात रुग्ण कमी होते.

हे प्रकरण कोणत्याही एका संस्थेचे नाही. रुग्णांवरील आणि प्राण्यांवरील संशोधन एकाच छताखाली चालवणाऱ्या केंद्रांत ज्या अडचणी येतात, त्या अभ्यासासाठी एका प्रयोगाभोवती गुंफल्या आहेत. त्यातले भौतिकशास्त्र, शरीरक्रिया आणि मोजमापाची मानके मात्र खरीच आहेत.

केंद्र आणि त्याची सकाळ

एका बाजूला रुग्णांसाठी पेट-सीटी आणि एमआरआय. मधल्या दारापलीकडे लहान प्राण्यांसाठीचे पेट-सीटी. दोन्ही बाजूंना पुरवठा करणारी रेडिओकेमिस्ट्रीची प्रयोगशाळा एकच, शिशाच्या आडोशामागे. किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याचा परवाना एक, मेडिकल फिजिसिस्ट एक, प्रतिमा साठवणारा सर्व्हरही एक. सगळे सामायिक ठेवण्यामागचे आर्थिक कारण सरळ आहे. कोणत्याही एका विभागाला हे स्वतःच्या बळावर उभारणे जड जाते, आणि उभारले तरी आठवड्यातले बरेच तास यंत्र रिकामे राहते. अनेक गटांकडून तासाप्रमाणे शुल्क घेतले की यंत्र चालते राहते आणि ते चालवणारी जाणती माणसेही टिकतात.

दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते. आज उंदरात मोजलेली गोष्ट उद्या माणसात मोजायची असेल, तर दोन्हीकडे मोजणारी माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असायला हवीत. या प्रकरणात ते अंतर शेवटी उपयोगी पडले. मात्र घोटाळाही त्या शेजारातूनच उपजला होता.

केंद्रात सर्वाधिक वापरला जाणारा ट्रेसर, म्हणजे माग काढण्यासाठी शरीरात सोडायचा किरणोत्सारी पदार्थ, म्हणजे एफडीजी. ग्लुकोजसारख्या रेणूला फ्लोरिन-१८ जोडलेले असते. पेशी ग्लुकोज समजून तो आत घेते, त्यावर फॉस्फेट चढवते, पण पुढे तो मोडू शकत नाही; त्यामुळे तो आतच अडकतो आणि कुठे किती अडकला ते पेट कॅमेऱ्याला दिसते. माणसाला एफडीजी पहिल्यांदा १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दिले गेले, तेव्हापासून कर्करोगाच्या इमेजिंगमध्ये त्याची जागा पक्की होत गेली. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. म्हणजे सकाळी दहाला बाटलीत जेवढी किरणोत्सारिता असते, त्याच्या जेमतेम एक अष्टमांश दुपारी साडेतीनला उरते. ज्यांना बाटली उशिरा मिळते त्यांना कमकुवत ट्रेसर मिळतो, आणि ही गोष्ट कोणत्याही नियोजनाने टळत नाही.

केंद्रात सकाळी एकच बॅच तयार होई. आधी रुग्ण, उरलेले प्राण्यांसाठी. या क्रमावर कुणाचा आक्षेप नव्हता आणि असूही नये. आजारी माणूस उपाशीपोटी ताटकळत बसला असताना त्याच्याआधी उंदराला इंजेक्शन देण्याचा विचारही कुणी करणार नाही. पण हा क्रम प्रयोगाच्या आत शिरून काय करतो, हे कुणी तपासले नव्हते.

प्रयोग

संशोधक गट ट्यूमरचा ग्लुकोज वापर मंदावणाऱ्या औषधावर काम करत होता. न्यूड जातीच्या उंदरांच्या कुशीत माणसाच्या कर्करोग पेशी वाढवल्या होत्या. या उंदरांना थायमस नसतो, टी पेशी जवळपास नसतात, म्हणून परक्या पेशी त्यांच्या शरीरात तग धरतात. त्यांच्या अंगावर केसही नसतात. ही दुसरी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

अर्ध्या उंदरांना औषध, अर्ध्यांना तुलनेसाठी नुसते द्रावण; हा दुसरा म्हणजे कंट्रोल गट. काही दिवसांच्या उपचारानंतर एफडीजी पेट. ट्यूमरमधला एफडीजी कमी झालेला दिसला, तर तीच खूण माणसांत वापरायची कल्पना होती. औषध सुरू केल्यावर दोन आठवड्यांत एक स्कॅन करून, फायदा न होणाऱ्या रुग्णाला लवकर दुसऱ्या उपचारावर नेता आले असते. गाठ आकाराने लहान होते की नाही हे पाहायला महिने जातात, आणि तेवढे महिने अनेक रुग्णांच्या हाती नसतात. म्हणून या प्रयोगाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते, आणि क्लिनिकल चाचणीचा आराखडा पहिल्या खेपेच्या निकालावर लिहायला घेतलाही होता.

स्कॅनच्या दिवसाची पद्धत अशी. उंदीर प्राणिगृहातून सकाळी एकदमच आणले जात. जंतूंपासून जपलेल्या विभागातून एकदा बाहेर काढलेले असे उंदीर सहसा परत आत घेता येत नाहीत, त्यामुळे एकेकाला ने-आण करण्यापेक्षा सर्वांना इमेजिंगजवळच्या खोलीत ठेवणे सोयीचे होते. तिथे पोहोचल्यावर खाणे काढून घेत, कारण पोटभर खाल्लेल्या उंदराच्या रक्तातले ग्लुकोज एफडीजीशी स्पर्धा करते. उपवासाच्या काळात भुसा किंवा घरट्याचा कापूस कुरतडू नये आणि किरणोत्सारी कचराही कमी व्हावा, म्हणून त्यांना एकेकटे, जवळपास रिकाम्या पिंजऱ्यात ठेवत. खोली यंत्रांच्या खोलीला लागून, त्याच वातानुकूलनावर, म्हणजे वीस-एकवीस अंशांवर. पिंजऱ्यांच्या क्रमांकाप्रमाणे एकेक उंदीर इंजेक्शनला जाई. क्रमांक देताना कंट्रोल गट आधी आला होता, औषधाचा गट नंतर. त्यामागे काही हेतू नव्हता. यादी तशी लिहिली गेली होती.

पहिल्या खेपेच्या दिवशी रुग्णांचे वेळापत्रक घसरले. एका रुग्णाची रक्तशर्करा २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर निघाली. अशा वेळी बहुतेक केंद्रे इंजेक्शन पुढे ढकलतात, कारण वाढलेल्या साखरेत ट्यूमर नीट दिसत नाही. एकाला शीर सापडायला वेळ लागला, एकाचा स्कॅन हालचालीमुळे पुन्हा करावा लागला. रुग्णांच्या विभागात असे दिवस नेहमीचेच. कंट्रोलचे उंदीर त्या गडबडीआधी होऊन गेले. औषध दिलेल्या उंदरांची पाळी आली तेव्हा दुपार कलत आली होती.

निकाल मात्र देखणा होता. औषध घेतलेल्या उंदरांच्या ट्यूमरमधला एफडीजी कंट्रोलपेक्षा स्पष्टपणे कमी. दुसऱ्या खेपेला रुग्ण थोडे होते, बाटली लवकर मोकळी झाली, सगळे उंदीर दुपारच्या आत संपले. आणि दोन गटांत सांगण्यासारखा फरक उरला नाही.

तपास कुठून सुरू झाला

पहिला संशय यंत्रावर गेला, आणि तो योग्यच होता. लहान प्राण्यांच्या पेट यंत्रासाठी नेमा या अमेरिकी उत्पादक-संघटनेचे एनयू ४ हे २००८ चे मानक आहे. त्यातल्या प्रतिमा-गुणवत्तेच्या फॅंटमचा, म्हणजे शरीराऐवजी यंत्रात ठेवायच्या चाचणी-नमुन्याचा, व्यास साधारण उंदराएवढा, ३० मिमी, आणि त्यात १ ते ५ मिमी व्यासाच्या पाच नळ्या असतात. रुग्णांच्या यंत्रासाठी जो धडाच्या आकाराचा फॅंटम वापरतात त्यातले गोल १० मिमीपासून ३७ मिमीपर्यंत. म्हणजे उंदरांच्या बाजूची सर्वांत मोठी नळी ही रुग्णांच्या बाजूच्या सर्वांत लहान गोलाच्या निम्मी. दोन्ही यंत्रे आपापल्या परीक्षेत उत्तीर्ण होती, तरी ती एकमेकांशी जुळतात की नाही हे त्या परीक्षांतून कळत नाही. फिजिसिस्टने मग वेगळी तपासणी केली. फ्लोरिन-१८ चे एकच द्रावण एकसारख्या सिलिंडरमध्ये भरून दोन्ही यंत्रांवर ठेवले आणि दोन्हींचे आकडे डोस कॅलिब्रेटरशी, म्हणजे इंजेक्शनमधली किरणोत्सारिता मोजणाऱ्या उपकरणाशी, ताडून पाहिले.

तिथे पहिली फट दिसली: घड्याळांची. डोस कॅलिब्रेटरचा संगणक रुग्णालयाच्या नेटवर्कवरून वेळ घेत होता. प्राण्यांच्या स्कॅनरचा संगणक सुरक्षेसाठी नेटवर्कपासून तोडलेला होता आणि त्याचे घड्याळ हळूहळू सरकले होते. इंजेक्शनची वेळ एका घड्याळावरची, स्कॅनची दुसऱ्यावरची, आणि क्षय-दुरुस्ती, म्हणजे मधल्या वेळात विरलेली किरणोत्सारिता गणिताने भरून काढणे, या दोन वेळांच्या फरकावर चालते. फ्लोरिन-१८ च्या बाबतीत ५ मिनिटांच्या चुकीने आकडा सुमारे ३ टक्क्यांनी हलतो, १० मिनिटांनी ६ टक्क्यांनी. हेच केंद्र कार्बन-११ वर, म्हणजे सुमारे २० मिनिटांच्या अर्धायुष्यावर काम करत असते, तर ५ मिनिटांची चूक १५ टक्क्यांच्याही पुढे गेली असती. उत्तम परिस्थितीत एकाच रुग्णाचे दोन स्कॅन लागोपाठ केले तरी एसयूव्हीमध्ये, म्हणजे ऊतीने किती ट्रेसर घेतला हे सांगणाऱ्या नेहमीच्या आकड्यात, १० टक्क्यांच्या आसपास फरक पडतोच, हे लक्षात घेतले तर घड्याळाचे ३-६ टक्के दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पण एका दिवसातल्या सर्व उंदरांवर ही चूक सारखीच पडते. गटागटांतला फरक तिने निर्माण होत नाही. घड्याळ दुरुस्त झाले, कोडे तसेच राहिले.

मग एककांचा प्रश्न आला. उंदरांचे आकडे दर ग्रॅम ऊतीत इंजेक्शनचा किती टक्के भाग गेला या रूपात मांडले होते, तर डॉक्टरांची सवय एसयूव्हीची, ज्यात शरीराचे वजन धरलेले असते. २५ ग्रॅमच्या उंदरात दर ग्रॅम १० टक्के म्हणजे एसयूव्ही २.५. उंदीर २० ग्रॅमचा असेल तर तेच १० टक्के म्हणजे एसयूव्ही २. औषध घेतलेल्या उंदरांचे वजन थोडे उतरले होते. वजन धरून पुन्हा गणित केले तेव्हा पहिल्या खेपेतला फरक कमी होण्याऐवजी थोडा वाढलाच. कोडे आणखी गडद झाले, आणि गटातल्या काहींना वाटू लागले की पहिला निकालच खरा, दुसऱ्या खेपेत काहीतरी चुकले असावे. आपल्याला हवे असलेले उत्तर ज्या दिवशी मिळाले तो दिवस बरोबर, असे मानण्याचा मोह चांगल्या माणसांनाही होतो. या टप्प्यावर तपास थांबला असता तर चाचणी रुग्णांपर्यंत पोहोचली असती.

खांद्यांमधला ठिपका

आठवड्याच्या बैठकीला न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टर आल्या होत्या. त्यांनी तक्ता बाजूला ठेवून प्रतिमा मागितल्या, आणि नुसता ट्यूमरचा भाग नको, नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण उंदीर दाखवा म्हणाल्या. विश्लेषण करणाऱ्या विद्यार्थिनीने प्रत्येक उंदराच्या कुशीतल्या गाठीभोवती काळजीपूर्वक रेषा काढली होती. शरीराच्या बाकी भागांत काय चालले आहे हे तिच्या कामाच्या कक्षेतच नव्हते, म्हणून तिने पाहिले नव्हते, आणि तिला ते पाहायला कुणी सांगितलेही नव्हते.

पहिल्या खेपेतल्या औषध घेतलेल्या उंदरांच्या दोन खांद्यांच्या मधोमध एक लखलखीत पट्टा होता. काहींच्या मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंतही एफडीजी पसरलेला. कंट्रोलच्या पहिल्या काही उंदरांत तिथे जवळपास अंधार.

डॉक्टरांना तो पट्टा ओळखायला क्षणही लागला नाही, कारण थंडीच्या दिवसांत त्या तो माणसांत पाहत आल्या होत्या. ती तपकिरी चरबी. साधी चरबी ऊर्जा साठवते, तपकिरी चरबी ती जाळून उष्णता करते. तान्ह्या बाळांत ती भरपूर असते हे जुने ज्ञान. प्रौढ माणसांतही ती कार्यरत असते हे २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात आलेल्या तीन स्वतंत्र अभ्यासांनी ठामपणे मांडले, आणि त्यासाठी मोठा आधार एफडीजी पेटचाच होता. रुग्णांच्या विभागात तिचा त्रास ओळखीचा आहे. थंडीने कुडकुडत आलेल्या, विशेषतः तरुण आणि सडपातळ माणसाच्या मानेत आणि गळ्याच्या हाडांच्या वर दोन्हीकडे एफडीजी चकाकतो आणि लिम्फ गाठींतला आजार त्यात लपू शकतो. म्हणून इंजेक्शनच्या आधीपासून रुग्णाला उबदार खोलीत बसवतात, अंगावर ब्लँकेट देतात. भिंतीच्या एका बाजूला ब्लँकेटांचा गठ्ठा रोज वापरला जात होता आणि दुसऱ्या बाजूला बिनकेसांचे प्राणी वीस अंशांत एकेकटे बसले होते.

उंदराला माणसापेक्षा थंडी कितीतरी लवकर लागते. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. जिथे उष्णता निर्माण करण्यासाठी त्याला जादा कष्ट पडत नाहीत ते तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे; प्राणिगृहे मात्र २०-२४ अंशांवर ठेवलेली असतात. एरवी उंदीर एकमेकांना बिलगून आणि घरटे करून ही कसर भरून काढतात. एकेकटे, घरट्याविना, केसांविना ठेवले की उरतो एकच मार्ग: इंधन जाळणे. जे इंधन तिथे जळते त्याबरोबर एफडीजीही तिकडे ओढला जातो आणि ट्यूमरच्या वाट्याला कमी येतो. उंदरांना हाताळण्याच्या पद्धतीचा एफडीजी पेटवर किती परिणाम होतो यावर २००६ मध्ये जर्नल ऑफ न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये एक सविस्तर अभ्यास आलेला आहे. उपवास, ऊब आणि भूल या तीन गोष्टी बदलल्या की ट्यूमर, स्नायू आणि तपकिरी चरबी यांच्यातली वाटणी पार बदलते, हे त्यात दाखवले आहे. ज्ञान उपलब्ध होते. केंद्राच्या कार्यपद्धतीत मात्र ते उतरले नव्हते.

एवढ्यावर निष्कर्ष काढणे घाईचे ठरले असते. औषधामुळेच तपकिरी चरबी चेतवली गेली असेल, असा आक्षेप संशोधकांनी घेतला आणि तो रास्त होता. उत्तर विद्यार्थिनीने शोधले. तिने रुग्णांच्या विभागाची वेळनोंद आणि उंदरांची इंजेक्शन-नोंद शेजारी ठेवून प्रत्येक उंदीर थंड खोलीत किती वेळ बसला ते काढले आणि दोन्ही गट वेगवेगळे तपासले. ज्यांना औषध मिळालेच नव्हते त्या कंट्रोल उंदरांतही, उशिरा गेलेल्यांच्या खांद्यांमधला ठिपका जास्त उजळ होता आणि ट्यूमरमधला आकडा कमी होता. औषधाच्या गटातही तोच कल, आणि सलग तीच रेघ. या एका आलेखाने बैठकीतला वाद मिटवला. मला या प्रकरणातले सर्वांत चांगले काम हेच वाटते, कारण त्यासाठी नवा प्राणी लागला नाही, नवे स्कॅन लागले नाही. आधीच हाती असलेल्या दोन नोंदवह्या पहिल्यांदा एकत्र वाचल्या गेल्या.

त्याच वाचनात आणखी गुंता सापडला. जास्त वेळ थांबलेला उंदीर जास्त वेळ उपाशीही असतो. उपवासाने रक्तातले ग्लुकोज उतरते आणि ट्यूमरमधला एफडीजी वाढू शकतो, म्हणजे थंडीच्या उलट दिशेने. शिवाय दुपारपर्यंत ट्रेसर इतका क्षीण झाला होता की तेवढीच किरणोत्सारिता द्यायला कितीतरी पट द्रावण लागले असते. उंदराच्या शेपटीच्या शिरेतून एका वेळी साधारण ०.२ मिलिलीटरच्या पलीकडे जाणे योग्य नाही. म्हणून उशिराच्या उंदरांना कमी किरणोत्सारिता मिळाली, त्यांच्या प्रतिमा खरखरीत आल्या, आणि खरखरीत प्रतिमेत सर्वोच्च पिक्सेलचा आकडा उगाच फुगतो. वेळापत्रकाच्या एका घसरणीने तीन परिणाम एकाच वेळी, वेगवेगळ्या दिशांना लावले होते. म्हणून 'वेळेनुसार दुरुस्ती' करून जुने आकडे वाचवता आले नाहीत. ती सूचना आली होती. फिजिसिस्टने ती नाकारली आणि पहिली खेप गट-तुलनेसाठी बाद धरावी असे लिहून दिले.

त्या खेपेतले प्राणी ज्या प्रश्नासाठी वापरले गेले, त्याचे उत्तर त्यांच्याकडून मिळाले नाही. केंद्राच्या पशुवैद्यांनी हे बैठकीत शब्द न चावता मांडले. प्राण्यांवरील संशोधनात शक्य तिथे पर्याय शोधणे, संख्या कमी ठेवणे आणि त्रास कमी करणे ही तीन तत्त्वे १९५९ पासून मांडली गेली आहेत. थंडीत कुडकुडणारा उंदीर यातल्या तिसऱ्या तत्त्वाला धरून नाही, आणि त्याच्यामुळे प्रयोग पुन्हा करावा लागला म्हणजे दुसरेही मोडले. प्राण्याची काळजी आणि आकड्याची विश्वासार्हता या दोन वेगळ्या खात्यांत टाकायच्या गोष्टी आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी हा उंदीर जरूर पाहावा.

काय बदलले

ऊब ही सर्वांत सोपी गोष्ट होती. उंदीर आल्यापासून इंजेक्शननंतरच्या तासाभरापर्यंत ३० अंशांच्या तापलेल्या कपाटात, आणि स्कॅनच्या वेळी तापवलेल्या पाळण्यावर. भुलीसाठी आयसोफ्लुरेनच, सर्वांना सारख्या वेळी आणि सारख्या काळापुरते. केटामिन-झायलाझिनने उंदराच्या रक्तातली साखर बरीच चढते, म्हणून एफडीजीसाठी ते मिश्रण या केंद्रात बंद झाले. उपवास सगळ्यांचा एकदम सुरू करण्याऐवजी प्रत्येक जोडीच्या स्लॉटप्रमाणे मागेपुढे सुरू होऊ लागला.

क्रमाच्या बाबतीत केंद्राने जोड्यांची पद्धत घेतली. एक कंट्रोल, एक औषधाचा, दोघे एकाच पाळण्यावर शेजारी, एकाच वेळी. अशा स्कॅनरमध्ये मध्यभागापासून दूर गेले की संवेदनशीलता आणि रिझोल्यूशन थोडे बदलते, म्हणून कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे हे चिठ्ठी टाकून ठरते. चिठ्ठ्यांची यादी संशोधक गटाकडे नसते, केंद्राकडे असते, आणि ट्यूमरभोवती रेषा काढणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे कळत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांच्या अहवालासाठीची अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वे २०१० पासून हेच मागत आली आहेत. तोवर गट अहवालात 'यादृच्छिक' असे लिहीत, पण ते औषध वाटण्यापुरते खरे असे. स्कॅनचा क्रम त्यात कुणी धरला नव्हता.

नोंदींचे काम दिसते त्यापेक्षा अवघड निघाले. इंजेक्शनची वेळ, सिरिंजमध्ये उरलेली किरणोत्सारिता, शेपटीत साचलेला भाग, वजन, रक्तशर्करा, उपवास कधी सुरू झाला, पिंजऱ्याचे तापमान, हे सगळे आजवर विद्यार्थ्यांच्या वहीत असे आणि वही विद्यार्थ्याबरोबर निघून जाई. वैद्यकीय प्रतिमा साठवण्याच्या डायकॉम मानकात प्राण्यांच्या स्कॅनसाठी भूल, तापमान आणि निवास यांच्या नोंदींची सोय आहे. ती वापरायची ठरली, म्हणजे प्रतिमेबरोबर परिस्थितीही सर्व्हरवर जाईल. शेपटीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त साचले तर तो स्कॅन बाद, आणि ती मर्यादा प्रयोगाआधी लिहून ठेवायची. या फॉर्मवर सुरुवातीला कुरकुर झाली. एका स्कॅनमागे काही मिनिटे वाढतात आणि ती दिवसभरात जमा होतात, ही तक्रार खोटी नाही.

आणि मूळ प्रश्न: बाटली कोणाला कधी. रुग्णांचे प्राधान्य तसेच राहिले. पण सकाळी बॅच आल्याबरोबर प्राण्यांसाठीचा हिस्सा वेगळ्या बाटलीत काढला जाऊ लागला, आणि एक वेळमर्यादा ठरली. त्या वेळेपर्यंत पहिली जोडी सुरू झाली नाही तर प्रयोग त्या दिवशी होणार नाही. उंदीर परत आपल्या उबदार पिंजऱ्यात, त्यांना खाणे, आणि नवी तारीख. घाईघाईने उरकण्याचा पर्यायच काढून टाकला.

तिसरी खेप आणि क्लिनिकल चाचणी

तिसरी खेप या पद्धतीने झाली. खांद्यांमधला भाग दोन्ही गटांत सारखाच मंद होता. ट्यूमरमधला एफडीजी औषधाच्या गटात कमी होता, पण पहिल्या खेपेच्या तुलनेत घट बरीच लहान. त्यातही एक सावधगिरी घ्यावी लागली. गाठ आकुंचन पावली की पेटच्या मर्यादित रिझोल्यूशनमुळे तिचा सिग्नल आजूबाजूला सांडतो आणि आकडा खाली येतो, ग्लुकोजचा वापर बदलला नसला तरीही. फिजिसिस्टने ५ मिमीच्या खालच्या गाठी वेगळ्या काढून पाहिल्या. घट टिकली, आणखी थोडी लहान झाली.

मूळ आराखड्यात दोन आठवड्यांच्या पेटवर रुग्णाचा उपचार बदलण्याचा निर्णय बेतलेला होता. माणसांतल्या मूल्यमापनासाठी २००९ मध्ये मांडलेल्या पर्सिस्ट निकषांत प्रतिसाद म्हणण्यासाठी किमान ३० टक्के घट लागते, कारण त्याहून लहान बदल नेहमीच्या चढउतारात हरवू शकतो. उंदरांतली घट त्या उंबरठ्याजवळ घेऊन जाणारी नव्हती. त्यामुळे आराखडा बदलला. पेट स्कॅन ठेवला, पण निरीक्षणापुरता. उपचार बदलायचा की नाही हे नेहमीच्या सीटीवर आणि रुग्णाच्या प्रकृतीवर ठरेल. कुणाचा उपचार एका डळमळीत खुणेवर थांबवला जाणार नाही. रुग्णांच्या संमतीपत्रातले वाक्यही त्याप्रमाणे बदलले गेले, आणि एथिक्स समितीपुढे उंदरांच्या तिन्ही खेपा ठेवल्या गेल्या, बाद धरलेलीसुद्धा.

रुग्णांच्या बाजूनेही या प्रकरणातून एक गोष्ट उचलली. औषधाच्या चाचणीतल्या माणसाचे दोन्ही स्कॅन शक्यतो दिवसाच्या एकाच सुमारास ठेवायचे, इंजेक्शन ते स्कॅन हे अंतर दोन्ही वेळी जवळपास सारखे राखायचे, आणि बसण्याच्या खोलीचे तापमान नोंदवायचे. ब्लँकेट आधीही दिले जात होते; ते दिले की नाही हे कुठे लिहिले जात नव्हते.

शुल्काचा तिढा

पद्धती बदलायला काही आठवडे पुरले. पैशांचा वाद मात्र लांबला. वेळमर्यादा ओलांडली म्हणून रद्द झालेल्या स्लॉटचे शुल्क कोणी भरायचे? संशोधक गटाचे म्हणणे, उशीर रुग्णांमुळे झाला, आम्ही का भरावे. रुग्ण विभागाचे म्हणणे, आजारी माणसाच्या साखरेचे बिल आमच्या नावावर टाकू नका. केंद्राच्या व्यवस्थापनाचे म्हणणे, ट्रेसर बनला, माणसे थांबली, यंत्र रिकामे राहिले. खर्च तर झालाच आहे. तिघांचेही खरे होते. आणि रद्द स्लॉट कुणा एकाच्या माथी मारला, तर तो एकजण प्रयोग कसाही उरकायचा दबाव आणणार, हेही तितकेच खरे होते.

शेवटी असे ठरले की वर्षभरात असे किती स्लॉट रद्द होतात त्याचा अंदाज घेऊन तो खर्च सर्वांच्या तासाच्या दरात मिसळायचा, आणि रद्द झालेल्या दिवसाचे वेगळे बिल कुणालाही लावायचे नाही. दर थोडा चढला. केवळ एमआरआय वापरणाऱ्या, ट्रेसरशी काही संबंध नसलेल्या गटांनी त्यावर लेखी हरकत घेतली आहे, आणि दरांच्या पुढच्या आढाव्यात पेट व एमआरआयचे दर वेगळे करण्याचा प्रस्ताव चर्चेला येणार आहे.